धाव चाकाची, ओझे बैलाचे

मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पळण्याचा आणि दुसरा बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याचा. पळणारी वस्तू आणि तिला पळवणारे लोखंड, दोघांना एकच नाव! कवितेच्या माणसाला असे शब्द सोडवत नाहीत. या शब्दाचा माग काढताना माझ्या लक्षात आले, की चाकाचा इतिहास जितका सुतार-लोहारांचा आहे, तितकाच तो बैलाच्या मानेचाही आहे.

आपल्या गोदावरी खोऱ्यात हा इतिहास फार जुना. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, दायमाबाद येथे १९७४ साली धातूची चार शिल्पे सापडली. त्यांत दोन बैल जुंपलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे. हाकणारा माणूस त्यात उभा आहे. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या रथाची चाके भरीव आहेत. पुढे आऱ्यांचे चाक आले आणि गाडी हलकी झाली.

आपल्याकडचे लाकडी चाक बहुधा बाभळीचे. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे आणि बाहेर तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला गोल. इथवर काम सुताराचे. मग लोहाराची पाळी. तो धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित आखूड करतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली, की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आवळते आणि सारे सांधे घट्ट होतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर पावणेपाच मीटरच्या आसपास भरतो. लोखंड पाचशे अंशांनी तापले, तर एवढी पट्टी जवळपास तीन सेंटिमीटर वाढते. पुस्तकात न वाचलेले हे गणित लोहाराच्या नजरेत होते.

चाक बसवून काम संपत नसे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि धाव सैल होते. मग चाक ओढ्याच्या पाण्यात ठेवायचे किंवा फटीत पाचरी ठोकायच्या. फारच सैल झाली, तर लोहाराने पट्टी कापून पुन्हा जोडायची. आसाला वंगण हवेच. त्याचा नळा गाडीखाली टांगलेला असे. हिंदीत ‘औंगन’, मराठीत ‘वंगण’. शब्दही एकाच तेलातले. सुताराने चाक घडवायचे, लोहाराने धाव चढवायची, तेल्याने तेल द्यायचे आणि बैलाच्या पायाला नाल ठोकायला नालबंद, तो बहुधा मुसलमान. एक गाडी चालायची तर गावातले इतके हात तिला लागत.

रेल्वे आली म्हणून बैलगाडी थांबली नाही. १९०० साली नांदेड रेल्वेने जोडले गेले. तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात असलेल्या लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली. पण आगगाडी काही शेताच्या बांधावर येत नाही. कापूस, धान्य, गूळ स्टेशनापर्यंत आणायचा तो बैलानेच.

मग रबर आले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या प्रयोगातून. त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी, साहागंजला सुरू झाला. या नावावरून रबरी चाकाच्या बैलगाडीला आपल्याकडे ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले. कोणी नवे टायर घेई, कोणी भंगारातल्या मोटारीचा आस आणि जुने टायर आणून गाडीखाली जोडी. अरुंद लोखंडी धाव रस्ता कापते, चिखलात रुतते. रुंद रबर तरंगल्यासारखे चालते. बैलाला सुख झाले, असे वाटले.

पण इथेच खरी मेख आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. ओझे किती, हे ते नियम चाक पाहून ठरवतात. लहान बैलाच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, टायर असतील तर ७५० आणि बॉल बेअरिंग असेल तर १,०००. बैल दोन असतील तर दुप्पट. शिवाय पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही.

म्हणजे चाक सुधारले, की कायद्यानेही ओझे वाढवले. माणूस तर त्याच्याही पुढे गेला. उसाच्या हंगामात मोळ्यांनी शिगोशीग भरलेली टायरगाडी पाहा. रबराने वाचवलेली ताकद आपण बैलाला विश्रांती म्हणून दिली नाही. तिच्यावर आणखी मोळ्या रचल्या. त्यात टायरमध्ये हवा कमी आणि बेअरिंग कोरडे असेल, तर सुधारलेल्या चाकाचा फायदाही बैलाच्या वाट्याला येत नाही. जुना गाडीवान करकर ऐकून वंगणाचा नळा काढी. रबरी चाक कुरकुरत नाही, म्हणून कोणी वाकून बघत नाही.

धाव चढवणारे हात आता थोडे उरलेत. जुनी चाके ढाब्यांच्या आणि हॉटेलांच्या दारात रंगवून उभी केलेली दिसतात. त्याची हळहळ मला आहे, पण ती लाकडापुरती. खरी काळजी अजून जुंपल्या जाणाऱ्या बैलाची. गाडी भरण्याआधी टायर दाबून पाहा, बेअरिंगला ग्रीस द्या आणि शेवटच्या चार मोळ्या खाली राहू द्या. चाकाच्या शोधात बैलाचाही वाटा आहे. निदान त्याच्या मानेपुरता तो त्याला मिळावा.