दहा प्रश्न आणि मोहाचा ग्लास

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव. गोंदिया जिल्ह्याच्या या जंगलपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात पहाटेच मोहाखाली फुलं वेचणं सुरू होतं. ती वाळवून खातात, विकतात. गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूची धार वाहतात, आणि त्याच दारूपायी संसारही मोडतात. अशा ठिकाणी ‘पितो का?’ विचारून काही कळत नाही. कोणाचं पिणं कुठवर गेलंय, हे कळायला हवं. ते मोजण्यासाठी आज जगभर वापरतात त्या ‘ऑडिट’ नावाच्या दहा प्रश्नांचं कूळ फार जुनं नाही.

पूर्वज म्हणावा तर तो 1946 चा. अमेरिकेतल्या एल्विन जेलिनेक यांनी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभासदांनी भरलेले 98 फॉर्म तपासून व्यसनाच्या पायऱ्या मांडल्या. स्त्रियांची उत्तरं वेगळी निघाली म्हणून त्यांनी ती हिशेबातूनच काढली. माणसामाणसांतला फरक शोधायला निघालेल्या विद्येनं पहिल्याच पावलाला एवढा मोठा फरक वगळावा, हे मला आजही बोचतं. पुढे 1960 च्या पुस्तकात जेलिनेक यांनीच पिणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले. 1984 मध्ये जॉन युइंग यांचे ‘केज’ हे चार प्रश्न छापून आले. सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, हा त्यातला शेवटचा. पण या प्रश्नांत सापडायचा तो बहुधा पुरता बुडालेला माणूस.

बुडण्याआधीच माणूस ओळखता यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 1980 च्या दशकात नवं काम हाती घेतलं. ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत प्राथमिक उपचारासाठी आलेल्या सुमारे 1,900 लोकांना दीडशेच्या आसपास प्रश्न विचारले, आणि चाळून दहा ठेवले. जॉन साँडर्स आणि सहकाऱ्यांचा तो निबंध 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले तीन प्रश्न पिण्याचे, पुढचे तीन ताबा सुटल्याचे, उरलेले चार झालेल्या नुकसानीचे. गुण 0 ते 40. 8 किंवा त्याहून जास्त झाले की सावध व्हायचं. दहावा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटतो: नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांनी तुमच्या पिण्याबद्दल काळजी दाखवली आहे का? नवऱ्याच्या उत्तरात इथे बायकोचं म्हणणंही थोडं ऐकू येतं.

गोंदियात अडतो तो दुसरा प्रश्न: पिता त्या दिवशी किती ‘ड्रिंक’ घेता? एक ड्रिंक म्हणजे साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दुकानातल्या 180 मिलीच्या पव्व्यावर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे त्यात सहा ड्रिंक. मोहाच्या दारूवर काहीच छापलेलं नसतं. फुलं भिजवून, आंबवून, चुलीवर गाळलेली ती दारू. पहिल्या धारेची जहाल, नंतरची उतरत जाते. पहिल्या धारेची पिणारा आणि नंतरची पिणारा, दोघंही ‘दोन ग्लास’ म्हणतील, पण पोटात गेलेलं अल्कोहोल कितीतरी वेगळं असेल.

बरं, गुण नेमके मिळाले तरी माणूस हाती लागतोच असं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या 2013 च्या निकषांत 11 लक्षणं आहेत, त्यांपैकी कोणतीही दोन वर्षभरात दिसली की निदान होतं. गणित मांडलं तर ते 2,036 वाटांनी होऊ शकतं. एकाला हात थरथरल्याशिवाय दिवस काढता येत नाही, दुसरा पिऊन गाडी चालवतो नि काम बुडवतो. निदानाचं नाव एकच.

मराठी मुलखाशेजारी या मोजमापाचा खरा उपयोग गोव्यानं करून दाखवला. ‘संगात’ संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना ऑडिट विचारलं. 12 ते 19 गुणांच्या पुरुषांशी, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी चार गोष्टी बोलायच्या, अशी योजना होती. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी दारू आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण या गटात जास्त होतं.

प्रश्नावलीच्या पुस्तिकेतच सूट आहे: ड्रिंकचं माप स्थानिक पेयांप्रमाणे बदलून घ्या. देवरीत विचारणाऱ्यानं म्हणूनच ग्लास दाखवून विचारावं, केवढा? मग, कितव्या धारेची? आणि मोहाच्या हंगामातली की पावसाळ्यातली?