सात झेडची दुमजली बस

हैदराबादचा इतिहास म्हटला की चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय ही नावे आधी येतात. बसच्या मार्गाचा इतिहास कोणी लिहीत नाही. खरे पाहता, इथे चार-चार पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचा या वास्तूंपेक्षा आरटीसीच्या बसशीच अधिक संबंध आला. शाळा, कचेरी, दवाखाना, लग्नकार्य, सगळे तिच्याच भरवशावर. म्हणून यंदा सिकंदराबाद ते झू पार्क या ७ झेड मार्गावरच्या दुमजली बसची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहे.

या हकीकतीची सुरुवात रेल्वेपासून होते. निजाम सरकारने १९३० साली आपल्या राज्यातील रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेच्या पदराखाली रस्ते वाहतुकीचे खाते उघडले. प्रारंभी २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढाच संसार होता. त्या बस अल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. सरकारी मालकीच्या बससेवेत हैदराबाद संस्थानाला देशात अग्रमान दिला जातो, तो यामुळेच. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली १ जून १९४८ रोजी, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी.

इथे आपला धागा जुळतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. गोदावरी खोऱ्यातली मनमाडची रेल्वे आणि संस्थानची बस यांच्या आधाराने मराठवाड्यातील कितीतरी घरे शिक्षणासाठी, वकिलीसाठी, नोकरीसाठी राजधानीत आली आणि काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चौडी भागांत स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तिथली सरकारी बससेवा पुढे एसटीत मिसळली. हैदराबादेत ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. आपण गावी जाताना एसटीत बसतो आणि इथे आरटीसीत. या दोघी एकाच घरातून वेगळ्या झालेल्या बहिणी आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता मार्गाकडे वळू. नेहरू प्राणी संग्रहालय १९६३ साली लोकांसाठी खुले झाले. ते शहराच्या दक्षिण टोकाला, बहादूरपुऱ्यात, मीर आलम तलावाजवळ. सिकंदराबाद स्टेशन अगदी उत्तरेला. ७ झेडने ही दोन टोके जोडली. छावणीचे सिकंदराबाद सोडायचे, टँकबंडवरून हुसेनसागराच्या कडेने यायचे, आबिड्सच्या बाजारपेठेतून पुढे सरकायचे आणि मुसी ओलांडून जुन्या शहरात शिरायचे. एका तिकिटात जुळ्या शहरांचा सारा इतिहास डोळ्यांखालून जाई, आणि वरच्या मजल्यावरून तो जास्तच चांगला दिसे. पुढच्या खिडकीसाठी मुलांची भांडणे होत, त्यात नवल नाही.

‘झेड’ या अक्षराबद्दल एक गोष्ट ऐकवली जाते. शेवटच्या निजामाने बस सरकारला देताना आपल्या आईच्या, झेहरा बेगम यांच्या, नावातले अक्षर गाड्यांवर राहावे अशी अट घातली, असे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. शिवाय ती आहे नोंदणीच्या पाटीवरील झेडबद्दल. आरटीसीच्या गाड्यांच्या नोंदणी क्रमांकात हे अक्षर असते. मार्गाच्या क्रमांकातला झेड निराळा, आणि तो झू पार्कच्या नावातही आहे. गप्पांच्या ओघात दोन्ही झेड एक होतात, एवढेच.

२००३ च्या सुमारास हैदराबादच्या रस्त्यांवरून दुमजली बस गेल्या. कारणे व्यवहाराची होती. शहरात उड्डाणपूल वाढत होते, आणि त्याखालून उंच गाडी नेणे जिकिरीचे. साध्या बसपेक्षा तिला डिझेल अधिक लागे, देखभालीचा खर्चही मोठा, आणि चढउताराला वेळ जाई. गर्दीच्या वेळी तिने दोन बसचे काम केले, तरी दुपारी रिकाम्या फेरीचा खर्च तेवढाच राही. मुंबईतही बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, १९३७ पासूनची परंपरा असूनही.

तिची आठवण मात्र पुसली नाही. २०२० मध्ये तिच्याविषयी समाजमाध्यमांवर चर्चा झाली, तेव्हा तत्कालीन मंत्री के. टी. रामाराव यांनीही शाळेच्या दिवसांत पाहिलेल्या या बसची आठवण लिहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या तीन दुमजली बस शहरात आल्या. पण त्या आल्या मोटारशर्यतीच्या निमित्ताने, आणि पुढे राहिल्या त्या पर्यटकांना फिरवण्यापुरत्या. रोजच्या प्रवाशाची बस आणि सहलीची बस यांत फरक आहे. पहिली लोकांना पोहोचवते, दुसरी शहर दाखवते. ७ झेड ही दोन्ही कामे एकाच भाड्यात करीत असे.

हा केवळ आठवणींचा विषय नाही. जुन्या शहराच्या दिशेने येणारी मेट्रो फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत, म्हणजे मुसीच्या पात्रापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढचा टप्पा मागे पडला. झू पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांना आजही बसचाच आधार. डिसेंबर २०२३ पासून राज्यात महिलांना बसप्रवास मोफत झाला आणि गर्दी वाढली. उभे राहायलाही जागा मिळत नाही, तेव्हा वरचा मजला शोभेचा होता की गरजेचा, हा प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही.

राजांच्या सनदा दप्तरखान्यात जपल्या जातात. बसचा पास, तिकिटाचा तुकडा, थांब्यावर काढलेला फोटो मात्र रद्दीत जातो. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या पेटीत अजून असे काही निघेल. ते टाकून देऊ नका. मागे तारीख आणि मार्ग लिहून मंडळाकडे द्या. घरातल्या ज्येष्ठांना कोणत्या थांब्यावरून चढत, किती पैसे पडत, हे विचारून नातवंडांकडून वहीत उतरवून घ्या. आपण या शहरात कसे राहिलो याचा पुरावा उद्या कोणी मागितला, तर त्यांतलेच काहीतरी पुढे करता येईल.