पिठाइतकाच ओटाही महत्त्वाचा

सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने पिझ्झा चेनमध्ये 'ग्लुटेन-फ्री' पिझ्झा मागवावा का, या प्रश्नाचा इतिहास दोन टप्प्यांत घडला. या आजारात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, आतड्याला इजा करतं. काय खायचं नाही हे वैद्यकाने पन्नासच्या दशकात शोधलं. अन्न कुठे आणि कसं शिजतं हे मात्र बाजाराने फार उशिरा मनावर घेतलं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव दुर्मीळ झाला आणि तो संशय बळावला. 1950 मध्ये त्यांनी उट्रेख्टला प्रबंध सादर केला. पुढे सहकाऱ्यांबरोबर गव्हातल्या ग्लुटेनवर बोट ठेवलं. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच: गहू, जव आणि राय जन्मभर बंद.

अमेरिकेत डॉमिनोजने मे 2012 मध्ये ग्लुटेन-फ्री क्रस्ट आणला. क्रस्टमध्ये गहू नव्हता, पण तो भाजला जाई नेहमीच्याच स्वयंपाकघरात: पीठ सांडलेला ओटा तोच, कापायचं चाक तेच, आणि मैद्याच्या पिझ्झ्यावरून चीजच्या डब्यात जाणारे हातही तेच. कंपनीने स्वतःच सांगितलं की सीलिअ‍ॅक असलेल्यांनी हा खाऊ नये. मग बिघडलं कुठे, कंपनी प्रामाणिक होती ना? होती, आणि त्याचं मोल आहेच. पण भुकेलेला माणूस आधी मेन्यूवरचं नाव वाचतो, इशारा नंतर. आणि ज्याच्यासाठी ते नाव जन्माला आलं त्यालाच दार बंद, हे मला अन्यायाचं वाटतं. हिशोबही पाहा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने 2008 मध्ये आणि अमेरिकेने 2013 मध्ये 'ग्लुटेन-फ्री' पदार्थासाठी मान्य केलेली मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची, म्हणजे पाव किलोच्या पिझ्झ्यात 5 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळमानाने दहावा हिस्सा असतं. म्हणजे पन्नास मिलिग्रॅम पीठ, चिमटीचाही लहानसा अंश, ही मर्यादा गाठायला पुरतं. आतड्याची इजा पोटात न दुखताही होते, म्हणून 'थोड्याने काय होतंय' हा युक्तिवाद टिकत नाही.

वेगळं स्वयंपाकघर परवडत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण वेगळी खोली नसली तरी शिस्त लावता येते. पिझ्झा हटने 2015 मध्ये अमेरिकेत ग्लुटेन-फ्री पिझ्झ्याचं साहित्य वेगळ्या पेटीत ठेवलं, हातमोजे आणि स्वतंत्र चाक सक्तीचं केलं. त्याने धोका शून्य होत नाही, कमी नक्की होतो. खरी वाट दाखवली ती इटलीने. तिथली सीलिअ‍ॅक संघटना 1979 पासून काम करते, पिझ्झेरियावाल्यांना प्रशिक्षण देते. आणि 2005 च्या कायद्याने शाळा-रुग्णालयांच्या भोजनगृहांत ग्लुटेनविरहित जेवण हा हक्क ठरला. पिझ्झ्याच्या मायदेशात हे जमतं, तर जगभर एकाच साच्यात काम करणाऱ्या चेनला जमू नये असं काही नाही.

आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी मुळातच ग्लुटेनविरहित. पण गिरणीत आधी गहू दळला गेला असेल, तर तीही सुरक्षित राहत नाही. घरात कोणाला सीलिअ‍ॅक असेल, तर त्यांची ज्वारी गव्हाच्या गिरणीत देऊ नका. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.