कारणे द्या : अपोलो मागे पडली

इतिहासाच्या पेपरातला 'कारणे द्या' हा प्रश्न आपल्या वर्गात बहुतेकांना नकोसा वाटायचा. मला मात्र आवडायचा. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलाच एक असा प्रश्न घेतला. वर्कस्टेशनच्या बाजारात सर्वांत आधी उतरलेल्यांपैकी एक असलेली अपोलो ही अमेरिकन कंपनी दहा वर्षांच्या आतच का संपली?

वर्कस्टेशन म्हणजे एकाच इंजिनिअरच्या टेबलावर बसणारा, पण त्या काळच्या पीसीपेक्षा पुष्कळ ताकदवान संगणक. मोठा पडदा, नेटवर्कची जोडणी आणि काम मुख्यतः आराखडे काढण्याचं. अपोलो १९८० साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाली. तिची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःची (नाव एजिस), नेटवर्कही स्वतःचं. शेजारच्या यंत्रातली फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी उघडायची! त्या काळात हे अप्रूपच होतं, आणि खरं सांगायचं तर रचना म्हणून ती मला आजही देखणी वाटते.

सन ही कंपनी १९८२ ची, कॅलिफोर्नियातली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हे जाता जाता. सनने नवं फारसं काही शोधलं नाही. प्रोसेसर मोटोरोलाचा (अपोलोचाही तोच), नेटवर्क इथरनेट आणि ऑपरेटिंग सिस्टिम बर्कली विद्यापीठातली युनिक्स. पण विद्यापीठांतून बाहेर पडणारी मुलं युनिक्स आणि सी शिकूनच येत होती. सनच्या यंत्रासोबत सी कंपायलर यायचा. मुलगा पहिल्या दिवशी खुर्चीत बसला की कामाला लागे. अपोलोवर मात्र त्याला आधी एजिसची रीत शिकावी लागे आणि तिथे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर न्यायचा तर पुन्हा मेहनत. अपोलोनेही पुढे युनिक्स दिली, पण तोवर प्रोग्रॅम लिहिणारे सनकडे वळू लागले होते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९८४ चं एनएफएस. नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची ही सनची पद्धत. अपोलोच्या व्यवस्थेपुढे ती ओबडधोबड होती. फाइल लॉक करण्याच्या बाबतीत तर कटकटच. पण सनने तिचे नियम जाहीर केले आणि ती इतर कंपन्यांनाही वापरू दिली. अपोलोची सोय अपोलोंपुरतीच राहिली. किंमत हेही कारण होतंच. एकाच कारणावर पूर्ण गुण मिळत नाहीत, हे बाईंनी शिकवलेलं आहे. १९८९ साली एचपीने अपोलो विकत घेतली.

पुढची गंमत अशी की तोच धडा सन विसरली. १९९२ च्या सुमारास सोलारिस २ आली, तेव्हा सी कंपायलर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागू लागला. ताट वाढायचं आणि पोळीचे पैसे निराळे मागायचे! रिचर्ड स्टॉलमन यांचा फुकट मिळणारा जीसीसी १९८७ पासून होताच. प्रोग्रॅमरांनी तो उचलला. त्या कंपायलरला इतके नवे वापरणारे आणि हातभार लावणारे मिळवून देण्यात सनचा वाटा मोठा आहे, अर्थात नकळत.

नेक्स्टची गोष्ट याच्या उलट. स्टीव्ह जॉब्झच्या या कंपनीने प्रोग्रॅमरांना दिलेली साधनं त्या काळात अव्वल होती. खिडक्या आणि बटणं कोड न लिहिता पडद्यावर मांडता येत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्नमध्ये पहिला वेब ब्राउझर नेक्स्टवरच लिहिला. पण यंत्र महाग, गिऱ्हाइकं थोडी. १९९३ मध्ये नेक्स्टने यंत्रं बनवणं थांबवलं. साधनं मात्र टिकली. अॅपलने डिसेंबर १९९६ मध्ये कंपनी विकत घ्यायचं ठरवलं ती त्यांच्यासकट. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात आयफोन आहे, त्यांच्या अॅप्सच्या कोडमध्ये 'एनएस' या दोन अक्षरांनी सुरू होणारी नावं आजही जागोजागी सापडतात. ती अक्षरं नेक्स्टस्टेपची, म्हणजे नेक्स्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमची.