उणे टनांचं कुळ

उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात जो नैसर्गिक वायू लागला, त्यात सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. गिऱ्हाइकाला तो अडीच टक्क्यांच्या आत हवा होता. वेगळा काढायची युक्ती जुनीच. रॉबर्ट बॉटम्स यांनी १९३० मध्येच अमाइनच्या द्रावणाने वायू धुऊन घेण्याचं पेटंट मिळवलं होतं. धुऊन निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत सोडून दिला जायचा. १९९१ मध्ये नॉर्वेने कार्बन कर बसवला आणि ते सोडून देणं अंगाशी येऊ लागलं. म्हणून १९९६ पासून स्टॅटऑइल ही नॉर्वेची सरकारी तेलकंपनी तो समुद्रतळाखालच्या, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात कोंबू लागली. वर्षाला जवळपास १० लाख टन. हवामानासाठी वायू गाडण्याचा पहिला मोठा प्रयोग असा कर वाचवण्यासाठी झाला.

पण तो वायू जमिनीतूनच वर आलेला. परत खाली गेला, तर हिशेब फार तर शून्यावर येतो. शून्याच्याही खाली कसं जायचं, हे स्वीडनच्या कागदधंद्याकडे पाहताना लक्षात आलं. लाकडाचा लगदा करताना उरणारा काळा द्रव तिथल्या गिरण्या बॉयलरमध्ये जाळतात आणि त्यावर वाफ-वीज चालवतात. त्यातून निघणारा कार्बन झाडाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. चिमणीतच तो पकडून गाडला, आणि जंगल पुन्हा तेवढंच वाढलं, तर हवेतला साठा घटतो. क्योटो करारानंतर कार्बनला दर आला तर गिरण्यांना हे परवडेल का, याचा हिशेब केनेथ मोलरस्टेन हा पीएचडीचा विद्यार्थी मांडत होता. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट विल्यम्स यांनी नव्वदच्या दशकात जैवइंधनापासून हायड्रोजन काढण्याच्या निमित्ताने या दिशेने विचार केला होता, तरी पुढची शाखा फुटली ती स्वीडनमधून.

मोलरस्टेनची गाठ मिखाएल ओबरश्टायनर यांच्याशी पडली. ते व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गमधल्या आयआयएएसए या संस्थेत होते. संस्था हाब्सबुर्ग राजघराण्याच्या जुन्या महालात आहे, आणि तिथे असल्या कल्पनांना तोटा नसावा: १९७७ मध्ये तिथल्याच चेझारे मार्केटी यांनी वीजकेंद्रांचा कार्बन डायऑक्साइड जिब्राल्टरच्या खोल प्रवाहात सोडून अटलांटिकच्या खोल पाण्यात धाडण्याची सूचना केली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ओबरश्टायनर, मोलरस्टेन आणि सहकाऱ्यांचं दोन पानी टिपण आलं. शीर्षकातच जोखीम व्यवस्थापनाचा उल्लेख होता. हवामान अपेक्षेपेक्षा जास्त बिघडलं तर हाताशी काहीतरी असावं, एवढाच मुद्दा.

एसटीच्या मागच्या काचेवर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेलं असतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळे प्रवासी त्याच काचेतून उतरवायचं ठरलं. २००६-०७ च्या सुमारास स्वीडनच्या क्रिश्चन आझार आणि नेदरलँड्सच्या डेट्लेफ फान फ्यूरेन यांच्या गटांनी आपल्या संगणकी प्रारूपांत हे जैवइंधन जाळून कार्बन गाडण्याचं तंत्र घातलं. अशी प्रारूपं सगळ्यात स्वस्त वाट शोधतात, आणि भविष्यातला खर्च आजच्या भावात आणताना दरसाल काही टक्के सूट देतात. ५ टक्के धरले, तर ६० वर्षांनी करायचा १०० रुपयांचा खर्च आज साडेपाच रुपयेसुद्धा भरत नाही. मग यंत्र सांगणारच, की आत्ता कोळसा जाळा, नंतर नातवंडं गाडतील. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या २०१४ च्या अहवालात तापमानवाढीची दोन अंशांची मर्यादा पाळणारे बहुतेक मार्ग हवेतून अशा वजा केलेल्या, म्हणजे उणे टनांवर उभे होते. त्यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. सूट देण्याचा तो एक आकडा एवढं करायला पुरेसा होता.

जाळायची झाडं-पिकं वाढवायला लागणाऱ्या जमिनीचा प्रश्न मात्र यंत्राला बोचत नाही. २०१६ च्या एका अभ्यासाने या कामाला ३८ ते ७० कोटी हेक्टर लागतील असं काढलं. भारत सुमारे ३३ कोटी हेक्टरांचा आहे. त्याच वर्षी केव्हिन अँडरसन आणि ग्लेन पीटर्स यांनी ‘सायन्स’मध्येच याला जुगार म्हटलं. एवढ्या जमिनीवर आज कोण पेरतं, कोण गुरं चारतं, हे विचारलं की तो शब्द कडक वाटत नाही.

प्रत्यक्षात काम सुरू झालं ते सगळ्यात सोप्या जागी. साखर आंबवून इथेनॉल करताना जवळजवळ त्याच्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही इतका शुद्ध की धुवायची गरज फारशी उरत नाही. (आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही हेच होतं.) अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरला मक्याच्या इथेनॉलचा हा वायू २०११ ते २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर खोल गाडला गेला, एकूण जवळपास १० लाख टन. पुढे ते मोठ्या प्रमाणावर चाललं. २०२४ मध्ये एका निरीक्षण-विहिरीतून द्रव नको त्या थरात गेल्याचं आढळलं आणि काम थांबवावं लागलं.

मार्च २०२५ मध्ये स्टॉकहोम एक्सर्जी या कंपनीने शहराला ऊब पुरवणाऱ्या आपल्या लाकूडजाळू केंद्रावर वर्षाला ८ लाख टन पकडण्याचा प्रकल्प पक्का केला. २०२८ पासून तो माल जहाजाने नॉर्वेला जाऊन समुद्रतळाखाली उतरायचा आहे. स्वीडिश सरकार त्यासाठी पैसे देतं आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच ३३ लाख टन विकत घेऊन ठेवले होते. म्हणजे ते टन आता मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्सर्जनातून वजा होणार.