नकार दिला तरी पंचाईत

३ मे १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. स्पॅमचा इतिहास तिथून मोजतात. १९९८मध्ये आयकॅलेंडर हे मानक आलं आणि आमंत्रण पाठवणं, होकार-नकार कळवणं सोपं झालं. नोव्हेंबर २०१६मध्ये त्याच वाटेनं स्वस्त गॉगलच्या जाहिराती आयफोनच्या कॅलेंडरात शिरल्या, आपण होकार देण्याआधीच. नकार दिला, तर पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळायचं. डिसेंबरात ॲपलनं आयक्लाउडवर अशी आमंत्रणं 'जंक' म्हणून कळवायची सोय दिली. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ही चूक ओळखीची वाटते. बोलावणारा आपल्यातलाच असणार, हे आम्ही गृहीत धरतो. गप्प राहण्याचा हक्क मात्र कोडमध्ये लिहायचा राहून जातो.