पांढरे गाव, काळा कडा

इंग्लंडचा नकाशा समोर घ्या आणि पूर्व किनाऱ्यावरून बोट वर वर नेत चला. यॉर्कशरच्या उत्तर टोकाजवळ एस्क नावाची लहानशी नदी उत्तर समुद्राला मिळते. तिथे व्हिट्बी हे गाव आहे. वस्ती तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. नदीच्या दोन्ही अंगांना उंच कडे, मध्ये बंदर, आणि बंदरावर १९०८ साली बांधलेला, जहाज आले की बाजूला फिरणारा पूल. पूर्वेच्या कड्यावर चढायला १९९ पायऱ्या आहेत. वर सेंट मेरीचे जुने चर्च आणि त्याच्या मागे एका मोडक्या मठाच्या उंच कमानी दिसतात. ब्रॅम स्टोकर १८९० साली इथे राहून गेला आणि १८९७ मध्ये आलेल्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत त्याने हे गाव घातले, म्हणून भयकथांचे वाचक त्या पायऱ्या हौसेने चढतात. आम्हाला मात्र त्या पायऱ्यांखालच्या खडकाविषयी सांगायचे आहे.

डेन लोकांनी दिलेल्या या नावाचा अर्थ बहुधा 'पांढरी वस्ती' असा सांगितला जातो. कडा मात्र काळा आहे. किनारा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे जूनच्या अखेरीस इथे सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळताना दिसतो. विद्यार्थ्यांना हे खोटे वाटेल. त्यांना गणित करू द्या. २१ जूनला मुंबईत सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, तर साडेचौपन्न अक्षांशावरच्या व्हिट्बीला सुमारे ४३ अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ थेट ईशान्येला. मावळतो तो वायव्येला. उत्तरेला समुद्र असेल तर दोन्ही गोष्टी समुद्रावरच घडणार!

आता खडकाकडे वळू. सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या पहिल्या भागात, हा सारा प्रदेश उथळ समुद्राखाली होता. त्याच सुमारास आजच्या दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका या भागांत प्रचंड प्रमाणावर लाव्हा बाहेर पडत होता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या तऱ्हेच्या उद्रेकांतून झाला, त्याच तऱ्हेचे हे उद्रेक, पण त्याच्या कितीतरी आधीचे. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापली आणि समुद्राच्या तळाशी ऑक्सिजनचा तुटवडा पडला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. ऑक्सिजन नसला की मेलेले जीव नीट कुजत नाहीत. पाण्यातल्या गंधकाचा लोहाशी संयोग होऊन पायराइट तयार होते. तळाचा चिखल काळा पडत जातो आणि त्यात जे बुडेल ते टिकून राहते. तो चिखल दाबला जाऊन पापुद्र्या-पापुद्र्यांचा काळा शेल खडक झाला. भूविज्ञानात या थराला 'व्हिट्बी मडस्टोन' असेच नाव आहे. गावाला पुढे जे जे मिळाले, त्यातले बरेचसे त्या गुदमरलेल्या समुद्राचे देणे आहे.

गावाची पहिली कीर्ती मात्र खडकामुळे झालेली नाही. इ.स. ६५७ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ याने इथे मठ स्थापला आणि हिल्डा ही त्याची पहिली मठाधिपती झाली. या मठात स्त्रिया आणि पुरुष दोघेही राहत. ६६४ मध्ये इथे एक धर्मसभा भरली. वाद होता ईस्टरच्या तारखेचा. राजा आयर्लंडकडच्या परंपरेचा आणि राणी रोमच्या परंपरेची. त्यामुळे राजा सण साजरा करी तेव्हा राणीचे उपवास चालूच असत, असे बीड या इतिहासकाराने ७३१ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असतो, म्हणजे सूर्य आणि चंद्र यांचा मेळ घालणे आले. एक पक्ष ८४ वर्षांचे चक्र मानी, तर दुसरा १९ वर्षांचे. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ पुरेपूर बसतात. फरक पडतो तो अवघ्या दोन तासांचा. १९ वर्षांचे बारा-बारा महिने म्हणजे २२८, आणि उरले ७. आपल्या पंचांगातले १९ वर्षांत येणारे सात अधिक महिने ते हेच! राजाने रोमच्या बाजूने निकाल दिला. कारण धर्माचे सांगितले गेले, पण गणित रोमचेच सरस होते.

हिल्डाच्या नावाशी आणखी एक कथा जोडलेली आहे. मठाच्या जागी सापांचा सुळसुळाट होता, हिल्डाने त्यांचे दगड केले, आणि म्हणून कड्याखाली वेटोळे घातलेले दगडी साप सापडतात. हे 'साप' म्हणजे अमोनाइट, माकूळ आणि नळ या माशांचे दूरचे, आता नामशेष झालेले भाऊबंद. सापाला डोके कसे नाही, असे गिऱ्हाईक विचारू लागल्यावर गावातले विक्रेते दगडावर डोके कोरून द्यायचे. व्हिट्बीच्या संग्रहालयात असे नमुने पाहायला मिळतात. पुढे १८६७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फिअस हायट याने यातल्या एका प्रजातीला 'हिल्डोसेरास' असे नाव देऊन संताची आठवण शास्त्रात कायम केली. आपल्या देवघरातला शाळिग्राम हाही अमोनाइटच, तोही ज्युरासिक समुद्रातला आणि काळ्या शेलमधलाच, फक्त गंडकी नदीने हिमालयातून वाहून आणलेला. तिथे संताचा चमत्कार आणि इथे विष्णूचे चक्र. एकाच आकारावर दोन समाजांनी दोन कथा रचल्या, त्यांत उणेअधिक कोणी नाही. जीवाश्मांचा पाठ शिकवताना शाळिग्राम वर्गात जरूर आणावा.

या खडकातून पैसा आला तो मात्र तुरटीतून. न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो किंवा गढूळ पाण्यात फिरवतात तीच ही तुरटी. यंत्रयुगाच्या आधी तिला मोठे मोल होते. कापडावर रंग पक्का बसवायला ती रंगबंधक म्हणून लागे, कातडे कमवायलाही लागे. इंग्लंडचा मुख्य धंदा लोकरीचा, आणि तुरटी येई ती बरीचशी इटलीतल्या, पोपच्या ताब्यातल्या खाणींतून. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर हा पुरवठा बेभरवशाचा झाला. १६०० च्या सुमारास यॉर्कशरच्या या काळ्या शेलमधून तुरटी काढता येते असे ध्यानात आले, आणि व्हिट्बीच्या दोन्ही बाजूंना कडे फोडणारे कारखाने उभे राहिले. ते १८७१ पर्यंत चालले.

ही कृती रसायनशास्त्राच्या शिक्षकाने मुद्दाम सांगावी अशी आहे. फोडलेला शेल काटक्याकुटक्यांच्या थरावर रचून प्रचंड ढीग करायचे आणि पेटवून द्यायचे. शेलमध्येच सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे ढीग कित्येक महिने धुमसत राही. त्या धगीत पायराइटमधल्या गंधकापासून आम्ल तयार होई आणि ते मातीतल्या अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावे. मग तो भाजलेला दगड हौदांत पाण्यात भिजवून अर्क काढायचा आणि कढयांत आटवायचा. पण अ‍ॅल्युमिनियम सल्फेट म्हणजे तुरटी नव्हे. त्याला पोटॅशियम किंवा अमोनियम यांची जोड लागते. पोटॅशसाठी समुद्रशैवाल जाळून राख करीत. अमोनियासाठी चक्क शिळे मूत्र वापरीत! ते लंडन आणि न्यूकॅसलसारख्या शहरांतून गोळा होऊन पिंपांत भरून जहाजाने येई. अर्क पुरेसा दाट झाला की नाही हे त्यात अंडे तरंगते का यावरून ठरवीत, असे सांगतात. तुरटी उकळत्या पाण्यात भरपूर विरघळते आणि थंड पाण्यात फार थोडी. म्हणून अर्क निवला की तिचे स्फटिक आधी बाहेर पडत आणि लोहाचा क्षार द्रावणातच मागे राही. बाजारातली तुरटी गरम पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवली तर हा शेवटचा टप्पा आपल्यालाही वर्गात दाखवता येतो.

एक टन तुरटीसाठी पन्नास ते शंभर टन शेल फोडावा लागे. तो फोडणाऱ्या, ढीग रचणाऱ्या, धुरात उभे राहणाऱ्या मजुरांची नावे कुठे राहिलेली नाहीत. कडे मात्र पोखरले गेले. डिसेंबर १८२९ मध्ये व्हिट्बीच्या वायव्येचे केटलनेस हे खेडे कारखान्यासकट एका रात्रीत समुद्रात सरकले. माणसे वाचली, कारण तुरटी न्यायला आलेले एक जहाज किनाऱ्याजवळ उभे होते.

तुरटीमागून जहाजे आली. कढया तापवायला दगडी कोळसा लागे, आणि तो टाइन नदीवरून समुद्रमार्गे यायचा. कारखान्यांपाशी धक्के नसत. भरतीला किनाऱ्याशी यायचे, ओहोटीला वाळूवर टेकायचे, माल उतरवून पुढच्या भरतीला निघायचे, अशी रीत होती. त्यासाठी रुंद, सपाट तळाची, दणकट जहाजे हवीत. व्हिट्बीचे सुतार अशी जहाजे बांधण्यात तरबेज झाले. गावची जहाजबांधणी केवळ तुरटीमुळे वाढली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण लंडनच्या कोळशाचा व्यापार त्याहून मोठा होता. पण सुरुवातीची चालना तुरटीने दिली, हे मानायला हरकत नाही.

१७४६ मध्ये जेम्स कुक नावाचा शेतमजुराचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा जॉन वॉकर या इथल्या जहाजमालकाकडे उमेदवारीला आला. वॉकरचे ग्रेप लेनमधले घर आज कुकचे संग्रहालय आहे. कोळशाच्या जहाजांवर कुक दर्यावर्दीपण शिकला. १७६८ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घ्यायला ताहिती बेटावर जहाज पाठवायचे ठरले, तेव्हा इंग्रजी आरमाराने डौलदार युद्धनौका न निवडता व्हिट्बीला १७६४ साली बांधलेले 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' हे कोळशाचे जहाज विकत घेतले आणि त्याचे नाव 'एन्डेव्हर' ठेवले. अधिक्रमण ३ जून १७६९ ला झाले. जून १७७० मध्ये हे जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर आदळून फुटले. दुसरे एखादे खोल तळाचे जहाज तिथेच संपले असते. एन्डेव्हर नदीच्या मुखाशी वाळूवर टेकवून दुरुस्त करता आले, जसे व्हिट्बीची जहाजे रोजच टेकत तसे. कुकची पुढची 'रेझोल्यूशन', 'अ‍ॅडव्हेंचर' आणि 'डिस्कव्हरी' ही जहाजेही याच गावची. त्या सफरींनंतर पॅसिफिकमधल्या लोकांच्या वाट्याला जे आले, तो वेगळा आणि दुःखाचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३७ पर्यंत गावाने देवमाशांची शिकार केली. त्या धंद्यातल्या धाकट्या विल्यम स्कोर्स्बीने हिमकणांची चित्रे काढली आणि १८२० मध्ये आर्क्टिकवर मोठा ग्रंथ लिहिला. तुरटीही उतरणीला लागली होती. कोळशाच्या खाणीतला टाकाऊ शेल आणि गंधकाम्ल यांपासून ती स्वस्तात करण्याची रीत १८४५ मध्ये निघाली.

पण कड्यात अजून एक चीज होती, ती म्हणजे जेट. ज्युरासिक काळातले, आजच्या अरॉकेरिया वृक्षांच्या जातकुळीतले ओंडके त्या काळ्या चिखलात रुतले, दाबले गेले आणि त्यांचा मऊ, झळझळीत काळा पदार्थ झाला. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पतीचे निधन झाले आणि दरबारी सुतकात जेटचे दागिने शिष्टसंमत ठरले. आपल्याकडे त्या काळी विधवेचे दागिने उतरवले जात, तिथे काळे दागिने चढवले जात. दोन्हीकडे दुःख दाखवण्याचा भार बाईवरच! १८७० च्या सुमारास व्हिट्बीत चौदाशेवर पुरुष आणि मुले जेट घासत होती. पुढे फॅशन बदलली, नकली माल आला आणि धंदा ओसरला. अस्सल जेट ओळखायची खूण सोपी आहे. चकाकी नसलेल्या चिनीमातीवर ओढले तर जेटची रेघ तपकिरी उमटते, कोळशाची काळी. लोकरीवर घासले तर ते कागदाचे कपटे उचलते.

कडा फोडणे थांबले तरी कडा ढासळायचे थांबलेले नाही. शेलवर हिमयुगातल्या मातीचा थर आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खाली लाटा पाय पोखरतात. २०१२ च्या पावसाळी हिवाळ्यात पूर्व कड्यावरची काही घरे पाडावी लागली. २०१३ च्या सुरुवातीला सेंट मेरीच्या दफनभूमीतली हाडे कड्यावरून खालच्या गल्लीकडे घसरू लागली. हिल्डाच्या काळातल्या वस्तीचा काही भाग तर कधीच समुद्रात गेला आहे.

एक गोष्ट राहिली. दोनशे सत्तर वर्षे इथले लोक पोटॅशसाठी शैवाल जाळत होते. १९३९ मध्ये व्हिट्बीजवळ तेल शोधताना कळले, की त्यांच्या पायांखालीच, एक किलोमीटरहून खोल, आटलेल्या प्राचीन समुद्राचे पोटॅश थरच्या थर पडून आहे. किनाऱ्यावरच बोल्बी इथे १९७३ पासून त्याची खाण चालू झाली. जुना तुरटीचा कारखाना त्याच बोल्बीच्या कड्यावर होता. २०१८ मध्ये तिथले पोटॅश काढणे थांबले आणि आता पॉलिहॅलाइट हे दुसरे खनिज निघते. त्याच खाणीत ११०० मीटर खोलीवर एक प्रयोगशाळा आहे. वरच्या खडकामुळे विश्वकिरण अडतात, म्हणून कृष्णद्रव्याचा शोध घेणारी उपकरणे तिथे मांडलेली आहेत.